कापडी छत की काचेची केबिन? सोलेंटमध्ये कुटुंबासाठी बोट घेताना

इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधल्या सोलेंटच्या पाण्यात कुटुंबासह शनिवार-रविवार घालवावेत आणि अधूनमधून एखादी रात्र बोटीवरच काढावी, एवढीच अपेक्षा असेल, तर सात ते आठ मीटर लांबीची केबिन असलेली बोट पुरेशी होते. या लांबीत जुन्या बोटींच्या बाजारात मुख्यतः दोन घाटाच्या बोटी समोर येतात. पहिली स्पोर्ट्स क्रूझर, जिची झोपायची केबिन नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, दोन-तीन पायऱ्या खाली असते, मागे मोकळे कॉकपिट, म्हणजे सुकाणू आणि बैठकीची उघडी जागा असते, त्यावर घालायला कापडी छत असते आणि इंजिन बहुधा पोटात असून त्याचा स्टर्नड्राइव्ह, म्हणजे पंखा असलेला पाय, मागे पाण्यात असतो. दुसरी व्हीलहाउस पद्धतीची, जिच्यात सुकाणू, बैठक आणि छोटे स्वयंपाकघर हे सगळे चहूबाजूंनी काचा असलेल्या पक्क्या खोलीत असते आणि मागे आउटबोर्ड इंजिन टांगलेले असते. झानोच्या मेरी फिशर किंवा बेनेतोच्या अँटारेस या मालिका डोळ्यांपुढे आणाव्यात. पहिल्या प्रकारची बोट मी एका मित्राबरोबर भागीदारीत काही हंगाम चालवली आणि दुसऱ्या प्रकारची आता आमच्या घरची आहे. त्यामुळे पुढच्या लिखाणात तराजू अगदी समतोल राहील असे वचन मी देत नाही, पण पहिलीवर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेतो.

स्पोर्ट्स क्रूझरचे गुण खरे आहेत. जुलैतल्या लख्ख दिवशी आइल ऑफ वाइटच्या ऑस्बर्न बेमध्ये नांगर टाकून, छत पूर्ण उतरवून कॉकपिटमध्ये पाय पसरून बसावे, झाडीमागे व्हिक्टोरिया राणीच्या वाड्याचे मनोरे दिसावेत आणि मुलांनी मागच्या फळीवरून पाण्यात उड्या माराव्यात, यासाठी त्या घाटाहून चांगली रचना मला सुचत नाही. झोपायलाही ती वरचढ आहे. दोघांची जागा नाळेत, आणखी दोघांची कॉकपिटखालच्या पोकळीत, आणि स्वच्छतागृहात माणसाला धडपणे बसता येते. त्याच लांबीच्या व्हीलहाउसमध्ये चौघे झोपू शकतात असे विक्रेते सांगतात खरे, पण त्यांपैकी दोघांसाठी दर रात्री टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या अंथराव्या लागतात, आणि सकाळी ते सगळे आवरल्याशिवाय चहालासुद्धा जागा होत नाही.

असे असूनही माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती म्हणजे ते कापडी छत. जाहिरातीत ‘संपूर्ण छत, उत्तम स्थितीत’ अशी एक ओळ असते आणि नवखा माणूस ती वाचून पुढे जातो. प्रत्यक्षात ते पाच-सहा तुकड्यांचे असते. वरचा तुकडा स्टीलच्या कमानींवर ताणायचा, बाजूचे तुकडे त्याला चेनने (झिपने) जोडायचे आणि खालची कड काचेच्या चौकटीवर व कॉकपिटच्या काठावर टिचबटणांनी बसवत जायची. उन्हात तापलेले कापड सैल असते, तेव्हा हे काम दहा मिनिटांत होते. सोलेंटमध्ये मात्र छत लागते ते नेमके पाऊस सुरू झाल्यावर, वारा सुटलेला असताना आणि बोट डोलत असताना. गारठ्याने कापड आखडते, त्यातली प्लास्टिकची खिडकी पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि शेवटचे टिचबटण आपल्या जोडीदारापासून बोटभर अंतरावर अडून बसते. एक हात कमानीला धरायला हवा असतो, म्हणून उरलेल्या एकाच हाताने ओढाताण करावी लागते, आणि अंगठ्याचे नख दुखेपर्यंत दाबले की ते एकदाचे बसते, तेव्हा दुसऱ्या टोकाचे निसटलेले असते. मीठ साचून चेन अडकते ती निराळीच. तिला मेण किंवा सिलिकॉन लावत राहावे लागते आणि तरीही हंगामाच्या अखेरीस एखादी अडतेच.

हे केवळ कष्टाचे असते तर मी तक्रार केली नसती, कारण बोट म्हटली की कष्ट आलेच. पण छत घातल्यावर बोट चालवणेच बदलते. समोरच्या काचेला वायपर असतो, बाजूच्या प्लास्टिकला नसतो, आणि पावसात त्या ओरखडलेल्या प्लास्टिकमधून पाहणे म्हणजे अंदाज बांधणेच होय. साउदॅम्प्टनच्या वाटेवर एकशेपन्नास मीटरहून लांब जहाजे सतत ये-जा करतात. मुख्य भूमीवरचे काल्शॉट आणि बेटावरचे काउझ यांच्या दरम्यानच्या ठरावीक पट्ट्यात अशा जहाजापुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर एवढे पाणी मोकळे ठेवणे बंधनकारक आहे. कंटेनर वाहणारे महाकाय जहाज मागून, तिरक्या कोनातून येत असताना प्लास्टिकच्या खिडकीतून त्याचे अंतर ताडत बसणे माझ्या प्रकृतीला मानवले नाही. मागचा पडदा उघडा ठेवून वेगाने निघालो, तर इंजिनाचा धूर हवेच्या खेचाने आत येई. तो बंद करावा, तर आत दमटपणा साचून सगळ्याच काचा घामेजत. संध्याकाळी ओले छत काढून गुंडाळायचे ते कुठे, तर केबिनमधल्या गाद्यांवर, कारण दुसरी जागाच नसते. नवे छत शिवून घ्यायचे, तर खर्च हजारो पौंडांत जातो. आमच्या भागीदारीत वादाचा म्हणावा असा एकमेव विषय हाच होता.

व्हीलहाउसमध्ये पाऊस आला की दार सरकवायचे, एवढेच काम असते. हा फरक सांगताना फार मोठा वाटत नाही. पण त्यामुळे आमची बोट एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खऱ्या अर्थाने वापरात येते. आधी सकाळी आभाळ पाहूनच बेत रद्द व्हायचे.

दुसरा फरक आई-बाबा पुण्याहून उन्हाळ्यात येतात तेव्हा विशेष जाणवतो. आईला बोट लागते. खालच्या केबिनमध्ये क्षितिज दिसत नाही, म्हणून तिथे बसवले की मळमळ अधिकच वाढते, आणि उघड्या कॉकपिटमध्ये बसवले तर वीस नॉटच्या वेगात वारा आणि पाण्याचे शिंतोडे सोसत नाहीत. व्हीलहाउसमध्ये ती सुकाणूशेजारच्या खुर्चीवर, समोरची काच आणि क्षितिज पाहत बसते, आणि आल्याची वडी तोंडात ठेवून बेटाच्या पश्चिमेकडच्या यारमथपर्यंतचा प्रवास ठीक पार पडतो. हे वैद्यकीय मत नव्हे. एका माणसाचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट सुकाणूशेजारच्या सरकत्या दाराची. या घाटाच्या अनेक बोटींत चालकाच्या बाजूचा डेक मुद्दाम रुंद ठेवलेला असतो, त्यामुळे पाँटूनला, म्हणजे तरत्या धक्क्याला, लागताना इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून, दोन पावलांत बाहेर पडून, मधल्या खुंट्याचा दोर हातात घेऊन उतरता येते. स्पोर्ट्स क्रूझरमध्ये काचेच्या चौकटीवरून चढून किंवा काठावरच्या चार बोटे रुंद पट्टीवरून आडवे सरकत नाळेपर्यंत जावे लागते. जोडीदार मुलांना सांभाळत असेल, तर बोट बांधायला प्रत्यक्षात एकच माणूस मोकळा असतो, आणि हॅम्बल नदीत ओहोटीचा ओढ जोरात असला की तो एकटा माणूस किती चपळ आहे यावर फार गोष्टी अवलंबून राहतात. याउलट, व्हीलहाउसची उंच खोली वाऱ्याला शिडासारखी लागते आणि आडव्या वाऱ्यात कमी वेगाने ती बाजूला सरकत जाते, हेही सांगितले पाहिजे. नाळेतला थ्रस्टर, म्हणजे नाळ आडवी ढकलणारा छोटा पंखा, बसवलेला असेल, तर त्याचे जादा पैसे द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही.

इंजिनाच्या प्रश्नावर मात्र माझे मत इतके ठाम नाही. डिझेल स्टर्नड्राइव्ह कमी इंधन पिते आणि मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, डिझेल सहज मिळते. लाल डिझेलवर, म्हणजे कमी कराच्या रंगीत डिझेलवर, २००८ पासून बोट चालवण्यासाठीच्या हिश्शाला पूर्ण कर आहे, पण पंपावर बहुतेक जण ६० टक्के चालन आणि ४० टक्के हीटर वगैरे अशी रूढ विभागणी लिहून देतात, त्यामुळे थोडी सवलत उरते. पेट्रोल आउटबोर्डला ती सवलत नाही, पाण्यावर पेट्रोलचे पंपही मोजकेच, आणि त्यांचा दर रस्त्यावरच्या पंपापेक्षा चढा असतो. तरीही आउटबोर्ड काम झाल्यावर पूर्णपणे पाण्याबाहेर उचलता येतो. स्टर्नड्राइव्हचा पाय कायम खाऱ्या पाण्यात राहतो, त्याच्या रबरी बेलोजवर, म्हणजे बोटीतून पायाकडे जाणारे भोक झाकणाऱ्या घडीदार नळ्यांवर, कठीण कवचाचे जीव चिकटतात, आणि ते बेलोज ठरावीक वर्षांनी बदलले नाहीत तर थेट बोटीत पाणी येण्याचा धोका असतो. आउटबोर्डला असे भोक बोटीच्या अंगात मुळातच नसते. जुन्या स्पोर्ट्स क्रूझरमध्ये वारंवार दिसणारे पेट्रोलचे ४.३ लिटरचे इंजिन असेल, तर सुरू करण्याआधी इंजिनकक्षातला पंखा चालवून वाफ बाहेर काढणे अनिवार्य आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. लहान मुले असलेल्या घराने हा प्रकार टाळलेला बरा, असे मला वाटते.

खर्चात दोघींमध्ये फारसे अंतर नाही. तळाला दरवर्षी अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग), इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड, विमा आणि हिवाळ्यात बोट बाहेर काढणे हे दोन्हीकडे सारखेच. मरिनाचे भाडे एकूण लांबीवर आकारले जाते आणि त्यात मागची फळी व टांगलेले इंजिनही मोजले जाते, म्हणून जाहिरातीतल्या नावातल्या आकड्यावर विसंबू नये. बोट किती वारा-लाटांसाठी बांधली आहे हे सांगणाऱ्या सीई वर्गाच्या पाटीवर पुष्कळदा बी आणि सी अशा दोन्ही वर्गांतली माणसांची संख्या वेगवेगळी दिलेली असते. सी म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट श्रेणीवर सहापर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा. सोलेंटमध्ये कुटुंब घेऊन त्या मर्यादेच्या जवळपासही जाण्याची वेळ येऊ नये, त्यामुळे सीखालची संख्या पाहिली तरी चालते.

ज्यांची मुले मोठी झाली आहेत, ज्यांना रात्री बोटीवर मुक्काम अधिक करायचा आहे किंवा ज्यांची बोट भूमध्य समुद्राकाठी राहणार आहे, त्यांनी स्पोर्ट्स क्रूझर घेतली तर मी त्यांना अडवणार नाही. तिथे छत सावलीसाठीच लागते. टेम्सवर फिरणाऱ्यांनी आधी पुलांखालची उंची पाहावी. व्हीलहाउसचे छप्पर उतरवता येत नाही. सोलेंटसाठी, दोन लहान मुले आणि अधूनमधून आजी-आजोबा असा संसार असेल, तर माझा कौल काचेच्या केबिनकडे आहे.

पाहायला जाताना दोन्ही बोटींची एकेक चाचणी पुरेशी बोलकी ठरते. स्पोर्ट्स क्रूझर असेल, तर घातलेले छत विक्रेत्याला एकट्याने पूर्ण उतरवून पुन्हा घालून दाखवायला सांगावे आणि आपण काही न बोलता घड्याळ पाहत उभे राहावे. व्हीलहाउस असेल, तर बाजूचे दार दहा वेळा सरकवून पाहावे, त्याच्या खालच्या पन्हाळीत हाताचे बोट फिरवून वाळू-मिठाचा थर किती आहे ते तपासावे आणि छपरावरच्या हॅचभोवती (उघडणाऱ्या झरोक्याभोवती) आतून पाण्याचे पिवळट डाग आहेत का ते पाहावे. डाग असतील तर किंमत पाडून मागावी. सील बदलणे अर्ध्या दिवसाचे काम आहे.