राणीची बाग: पेंग्विन बघाच, पण झाडांसाठी वेळ राखून ठेवा

राणीच्या बागेत जायचं म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, पेंग्विन नीट दिसतात का आणि वाघ बाहेर असतो का. पेंग्विन दिसतात, अगदी छान दिसतात. वाघाचं वेळेवर अवलंबून आहे, ते पुढे सांगते. पण माझं स्पष्ट मत आहे की एवढंच बघून बाहेर पडलात तर निम्मी बाग राहिली, कारण ही जागा आधी बाग होती आणि प्राणी तिथे नंतर आले, आणि हे एकदा डोक्यात बसलं की आत फिरायची पद्धतच बदलते.

थोडा इतिहास सांगते, कंटाळा करू नका. मुंबईत अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया म्हणून एक संस्था होती, तिची बाग आधी शिवडीला होती, ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर नवीन बाग आखली गेली आणि 19 नोव्हेंबर 1862 ला गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती सुरू झाली, नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. 1873 मध्ये ती म्युनिसिपालिटीकडे आली. आणि प्राणिसंग्रहालयासाठी शेजारची साधारण 15 एकर जागा जोडली गेली ती 1890 मध्ये. म्हणजे बाग सुरू झाल्यावर 28 वर्षांनी. तोपर्यंत इथली झाडं चांगली मोठी झालेली होती! आज अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, बसवर आणि पाट्यांवर तेच दिसतं, पण भायखळ्याला उतरून कोणालाही राणीची बाग विचारा, हात वर करून रस्ता दाखवतात.

आता झाडांचंच आधी सांगते. तीन हजारांहून जास्त झाडं आहेत, 286 जातींची, आणि मुंबईसारख्या शहराच्या मधोमध, रेल्वे आणि फ्लायओव्हरच्या कुशीत हे टिकलंय ही साधी गोष्ट नाही. 2007 च्या सुमारास बागेचा मोठा कायापालट करायचा प्लॅन आला तेव्हा झाडं जातील म्हणून मुंबईतल्या काही बायका उभ्या राहिल्या, त्यांनी झाडं मोजली, नोंदी केल्या, लोकांना घेऊन बागेत फेऱ्या काढल्या आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आज आपण सावलीतून चालतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि हे मुलांना सांगायलाच हवं असं मला वाटतं.

कोणती झाडं शोधायची? गोरखचिंच बघा, आफ्रिकेतलं झाड, खोड इतकं जाड की दोघातिघांनी हात धरूनही कवेत येत नाही. पावसाच्या सुरुवातीला त्याला मोठी पांढरी फुलं येतात, ती रात्री उमलतात कारण परागीभवन वटवाघळं करतात, त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर खाली पडलेलं ताजं फूल मिळू शकतं, दुपारपर्यंत ते काळवंडतं. कैलासपती बघा, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, त्याची फुलं फांदीच्या टोकाला येतच नाहीत, थेट खोडातून बाहेर पडणाऱ्या लोंबत्या दांड्यांवर येतात. फूल हातात घेऊन बघा, मधे बारीक पुंकेसरांची चकती आणि तिच्यावर वळून आलेला गुलाबी-पांढरा फणा, पिंडीवर नागाने फणा धरलाय असं दिसतं, आणि वास असा की हात धुवावासा वाटत नाही. फळ मात्र फोडू नका, दुर्गंधी येते. आणि उर्वशी, ब्रह्मदेशातली, फुलायच्या दिवसात गेलात तर लाल-पिवळ्या फुलांचे झुंबर लटकलेले दिसतात, जगातल्या सर्वात देखण्या फुलझाडांत तिचं नाव घेतात आणि ते खरंच पटतं. माझी आई प्राण्यांपेक्षा या झाडाखालीच जास्त वेळ थांबते.

आता पेंग्विन. 2016 च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला, मग 2017 च्या मार्चमध्ये लोकांसाठी कक्ष खुला झाला. खर्चावरून, तिकीटवाढीवरून केवढा गदारोळ झाला होता तो आठवत असेल. पाच रुपयांचं तिकीट त्याच वर्षी पन्नासवर गेलं. मला विचाराल तर पन्नास रुपये जास्त नाहीत, पण ज्यांच्यासाठी ही शहरातली एकमेव परवडणारी सहल होती त्या घरांना ते जाणवलं असणार, आणि आई-बाबा आणि दोन मुलं मिळून शंभर हा फॅमिली दर ठेवला ते फार बरं झालं.

वाद बाजूला ठेवून प्राणी बघा मात्र. सगळ्यात आधी मुलांच्या डोक्यातून बर्फ काढा. हम्बोल्ट पेंग्विन बर्फातला नाहीच, तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, किनारा कोरडा आणि खडकाळ, फक्त शेजारून वाहणारा समुद्रप्रवाह थंड. म्हणून इथे कक्षात तापमान 16 ते 18 अंश ठेवतात, शून्याखाली नाही. हे पक्षी घरटं करायचे ते समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात बीळ खोदून, आणि एकोणिसाव्या शतकात खतासाठी तो थरच खरवडून जहाजं भरभरून नेला गेला, त्यामुळे त्यांची घरटी करायची जागाच गेली. आज ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे त्यामागे हे एक मोठं कारण आहे. हे कळल्यावर काचेपलीकडचा पक्षी नुसता क्यूट राहत नाही.

आम्ही गेलो तेव्हा एक पेंग्विन बाकीच्यांपासून लांब, खडकाच्या कोपऱ्यात हालचाल न करता उभा होता, आणि अंगावरची पिसं अशी निघालेली की फाटक्या गादीतून कापूस बाहेर यावा. भाची म्हणाली, मावशी, तो आजारी आहे का गं? आजूबाजूलाही चार जण तेच बोलत होते. तो आजारी नव्हता, पिसं टाकत होता. पेंग्विन वर्षातून एकदा अंगावरची सगळीच्या सगळी पिसं साधारण दोन-तीन आठवड्यांत बदलतात, तेवढ्या दिवसात अंग वॉटरप्रूफ नसतं म्हणून ते पाण्यात जात नाहीत, रानात तर शिकारच करता येत नाही म्हणून आधी भरपूर खाऊन वजन वाढवून घेतात. जुन्या पिसाखाली नवीन चकचकीत करडं पीस सरळ दिसत होतं, गळ्यापाशी अजून एक झुपका लटकत होता. मी सांगितल्यावर भाची तिथून हलेना. पोहणारे पेंग्विन सगळे बघतात, तुम्ही कोपऱ्यात उभा असलेला पण बघा.

15 ऑगस्ट 2018 ला इथे भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विनचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, ते आठवडाभरच जगलं. मग 2021 मध्ये दोन पिल्लं झाली, ओरिओ आणि ऑस्कर, ती जगली. यांच्यात अंडी उबवायला साधारण चाळीस दिवस लागतात आणि नर-मादी आळीपाळीने बसतात, पिल्लाला भरवायचं कामही दोघं मिळून करतात.

रविवारी मात्र या कक्षात जाऊ नका. गर्दीत कोणालाच काचेसमोर दोन मिनिटंही थांबता येत नाही, आणि काही पालक मुलांना खांद्यावर घेऊन काचेवर थापा मारायला लावतात ते बघून जीव तुटतो. पाण्यात आणि काचेतून आवाज किती जातो याचा विचार करा ना जरा.

वाघ. बरीच वर्षं या बागेत वाघ नव्हता, शेवटचा सिंहही 2014 मध्ये गेला होता, पिंजरे रिकामे. 2020 च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली आणि 14 नोव्हेंबर 2021 ला, बरोब्बर बालदिनी, त्यांना वीरा ही बछडी झाली. वाघ बघायचा असेल तर सकाळी गेट उघडल्यावर सरळ तिकडेच जा नाहीतर ऊन उतरल्यावर. भर दुपारी तो सावलीत आडवा पडलेला असणार, ते त्याचं बरोबरच आहे, रानातही तो तेच करतो. त्याला उठवायला हाका मारणाऱ्यांच्या मधे उभं राहू नका, थोडं बाजूला सरका आणि वाट बघा. आम्हाला वाघ काचेला अगदी लागून चालत गेलेला दिसला, इतका जवळून की मान वळवली तेव्हा कानांच्या मागचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसले. त्या ठिपक्यांबद्दल एक अंदाज असा की मागून चालणाऱ्या बछड्यांना गवतात आई दिसावी म्हणून ते असतात. आणि पावलांचा आवाज शून्य, एवढ्या वजनाचा प्राणी आणि वाळलेल्या पानांवरून आवाज न करता गेला.

जुन्या लोकांना ही बाग आठवते ती लोखंडी गजांची. एकेक पिंजरा, सिमेंटची जमीन, आत बाजूला पाण्याची टाकी, आणि वाघ त्या खोलीएवढ्या जागेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालणारा. त्या येरझाऱ्या म्हणजे प्राण्याच्या मनावरच्या ताणाची खूण असते हे तेव्हा आपल्याला माहीतच नव्हतं, आम्हाला वाटायचं वाघ असाच असतो. जगात गजांऐवजी खंदक खणून मोकळ्या जागेत प्राणी ठेवायची पद्धत कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याने हॅम्बुर्गला 1907 मध्येच दाखवली होती, पण आपल्याकडे 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं तेव्हापासून कुठे प्राण्याला जागा किती, निवारा कसा याचे नियम नीट लागू व्हायला लागले. राणीच्या बागेतले नवे कक्ष त्याच दिशेने आहेत, माती, झाडं, पाणी, लपायला आडोसा, आणि आपण काचेमागे. यात कधी कधी प्राणी दिसतच नाही. नाही दिसला तर नाही दिसला, लपता येणं हा त्याचा हक्क आहे आणि मला हे जुन्यापेक्षा हजार पटींनी आवडतं.

अस्वलापाशी लोक फार थांबत नाहीत, तुम्ही थांबा. आपलं अस्वल वाळवी खातं, त्याला वरचे मधले दोन दात नसतातच, त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं, आणि नाकपुड्या हवी तेव्हा बंद करू शकतं म्हणजे माती आत जात नाही. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, लांब केस पिल्लांना धरायला उपयोगी पडतात. पाणघोडे बागेत कित्येक वर्षांपासून आहेत, त्यांना इथे पिल्लंही झालीत. पाणघोड्याकडे बघताना घाई केली तर फक्त एक करडी पाठ दिसते, जरा थांबलं की नाकपुड्या वर येतात, फुर्र करून पाणी उडतं, कान गरगरा फिरतात आणि परत खाली. त्याच्या कातडीतून लालसर चिकट द्रव पाझरतो तो रक्त नाही, उन्हापासून आणि जंतूंपासून संरक्षण देणारं त्याचं स्वतःचं क्रीम आहे. हरणं, नीलगायी, माकडं वगैरे आहेतच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

पक्ष्यांचा मोठा पिंजरा मात्र चुकवू नका. 2020 मध्ये सुरू झालेला हा मुक्त विहार आहे, तुम्हीच आत जायचं, पूल आहे, पाण्याचा ओहोळ आहे, करकोचे आणि बगळे डोक्यावरून उडतात. मला विचाराल तर पेंग्विनपेक्षाही पैसे वसूल इथे होतात, कारण पक्षी उडताना बघणं आणि दांडीवर बसलेला बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शांत उभे राहिलात तर करकोचा अगदी जवळ येऊन चोच पाण्यात घालून मासा शोधताना दिसतो.

बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 पासूनचं, त्याचं तिकीट वेगळं. तिथे बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, त्याच्यासमोरून लोक चिप्स खात निघून जातात आणि मला राहवत नाही. हा घारापुरीचा हत्ती आहे! ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते तुकडे इथे आणले आणि 1914 मध्ये परत जोडले. जवळ जाऊन बघितलं तर जोड दिसतात. काळा घोडाही, म्हणजे ज्याच्यावरून त्या चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा, 1965 मध्ये इथेच आणून ठेवलाय.

जायचं कसं तर मध्य रेल्वेने भायखळा, पूर्वेला उतरून चालत. बुधवारी बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, हे लक्षात न घेता लांबून आलेली कुटुंबं गेटवरून परत जाताना दिसतात. शनिवार-रविवार टाळा, मे महिन्यात तर टाळाच. पावसाळा सगळ्यात छान, झाडं धुतलेली असतात, गर्दी कमी, प्राणीही जास्त हालचाल करतात, फक्त चप्पल घसरणारी नको. क्रम असा ठेवा की सकाळी आधी वाघ, मग पेंग्विन, उन्हं चढली की झाडांखालून सावकाश फिरत पक्ष्यांकडे, आणि शेवटी संग्रहालय, तिथे बसायलाही मिळतं. लहान मुलं असतील तर सगळं एका दिवसात करायच्या मागे लागू नका, पाय दुखले की ती प्राणी बघत नाहीत, आइस्क्रीमच मागतात. झाडं बघायला एकदा फक्त मोठ्यांनी मिळून जा.