रिकामे हाउसिंग, भरगच्च बिल

ट्रक तापतो म्हणून धावपळ करणारे मालक रोज भेटतात. ट्रक तापतच नाही म्हणून कुणी गॅरेज गाठल्याचे सहसा ऐकू येत नाही. आपल्याकडच्या उन्हात टेंपरेचरचा काटा खाली राहिला तर ड्रायव्हरला उलट हायसे वाटते. नेमक्या याच समजुतीच्या आड उत्तरेतल्या महामार्गावरील एका गॅरेजने आमच्या गाडीच्या नावावर बिलामागून बिल फाडले. प्रकरण अद्याप मिटलेले नसल्यामुळे गॅरेजचे नाव येथे देत नाही. परंतु ही युक्ती त्या एका गॅरेजची मक्तेदारी नसावी, म्हणून ती कशी चालते आणि कशी पकडता येते, हे तपशिलाने लिहीत आहे.

आमची गाडी बीएस-६ (धुरासंबंधीच्या नव्या नियमांची) आहे. नाशिककडून माल घेऊन ती जम्मूमार्गे श्रीनगरला जाते आणि परतताना पुलवामा जिल्ह्यातील लासीपोरा येथील शीतगृहांतून सफरचंद भरून वाशीच्या बाजारात येते. उन्हाळ्यात भरलेली गाडी चढावर तापू लागली, तेव्हा ड्रायव्हरने ती वाटेवरच्या या गॅरेजमध्ये दाखवली. थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप) अडकला आहे, तो कंपनीचा नवा टाकावा लागेल आणि त्यासोबत कूलंटही बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. नव्या थर्मोस्टॅटच्या खोक्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला, पैसे गेले आणि गाडी सुटली. उन्हाळा आणि पावसाळा निर्धोक गेला. डिझेलचा ॲव्हरेज थोडा उतरला होता खरा, पण त्याचे खापर भरावर, घाटावर आणि ड्रायव्हरच्या पायावर फोडण्याची आपल्या धंद्याची रीतच आहे.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्या दिवसांत काझीगुंडजवळ गाड्यांची रांग अडकली असताना ड्रायव्हरचा फोन आला, ‘शेठ, हीटर नुसती हवा फेकतोय, काटा पावाच्या वर जात नाही.’ त्यानंतर त्याच गॅरेजने पहिल्यांदा हीटरची कॉइल (जिच्यातून गरम पाणी फिरते ती जाळी) चोक झाल्याचे सांगून ती बदलली. फरक पडला नाही, तेव्हा टेंपरेचर सेन्सर खोटे दाखवतो म्हणून तो बदलला. परतीच्या वाटेवर वॉटर पंपाचा पंखा झिजला असल्याचे निदान झाले आणि पंपही नवा बसला. एवढे करूनही केबिन गारच राहिली, तेव्हा ‘हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलून पाहावे लागेल’ असे शब्द कानावर आले. हेड खोलण्याचा अर्थ खिशाला काय असतो, ते कोणत्याही गाडीमालकाला सांगायला नको. तोपर्यंत बिलांची बेरीज पन्नास हजारांकडे झुकली होती, आणि त्यातला बराचसा भाग कच्च्या पावत्यांवर होता. गाडी तशीच नाशिकला आणायला सांगितली.

फसवणुकीची मेख कळण्यासाठी थर्मोस्टॅटचे काम थोडे समजून घ्यावे लागते. इंजिनातले पाणी (कूलंटला सगळे पाणीच म्हणतात, मीही तेच म्हणतो) सुरुवातीला रेडिएटरकडे जात नाही. थर्मोस्टॅट ती वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासमधून पुन्हा पंपाकडे वळते, त्यामुळे इंजिन लवकर तापते. थर्मोस्टॅटच्या पोटात एका छोट्या डबीत मेण असते. ठरावीक तापमानाला, बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, ते मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि रेडिएटरची वाट उघडते. हीटरला मिळणारे पाणी इंजिनातूनच येते, म्हणून इंजिन जितके तापेल तितकीच हीटरची ऊब. थर्मोस्टॅट उघडा अडकला किंवा जागेवर नसलाच, तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरू लागते आणि थंड हवेत इंजिनाला धड तापूच देत नाही. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडवणुकीमुळे जो दाब तयार होतो, त्याच्यावर हीटरच्या पाइपांतील प्रवाह अवलंबून असतो. ती अडवणूक गेली की पाणी कोमट असते आणि तेही कमी येते. नाशिकच्या उन्हात यातले काहीच जाणवत नाही, कारण हीटर कुणी लावतच नाही.

नाशिकच्या आमच्या मेस्त्रींनी गाडी रात्रभर उभी ठेवायला लावली आणि सकाळी इंजिन पूर्ण गार असताना ती सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवला. थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि वाट उघडली की थोड्याच वेळात चटका बसेल इतका तापतो. आमच्या गाडीत तो सुरुवातीपासूनच इंजिनासोबत हळूहळू कोमट होत गेला. मेस्त्री म्हणाले, ‘शेठ, वाट उघडीच आहे. आता आत काय आहे ते बघू.’ इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, पाणी थोडे उतरवून त्यांनी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे (तो ज्या कप्प्यात बसतो त्याचे) बोल्ट काढले. झाकणाच्या कडेला लाल सिलिकॉनचा ताजा, जाड पट्टा होता आणि त्याचे ओघळ आतपर्यंत गेले होते. आत थर्मोस्टॅट नव्हता. तो बसतो त्या खाचेत गंजाची सलग कड धरलेली होती. नवा भाग काही महिन्यांपूर्वी तिथे बसून नंतर निघाला असता, तर त्या खाचेवर त्याच्या रबरी रिंगेची स्वच्छ खूण राहिली असती. तशी खूण कुठेही नव्हती. थोडक्यात, उन्हाळ्यात जुना काढला गेला आणि नवा बसवलाच नाही.

मग व्हॉट्सअॅपवरचा तो जुना फोटो मोठा करून पाहिला. खोके अस्सल असावे, पण त्याचे सील फोडलेले नव्हते. भागाचा क्रमांक कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तपासला, तेव्हा तो वेगळ्याच इंजिनाचा निघाला. दुकानातले एखादे खोके समोर धरून फोटो काढायचा, तेच खोके फळीवर परत ठेवायचे आणि त्या फोटोच्या जोरावर किती गाड्यांची बिले करायची याला मर्यादा नाही. या फसवणुकीतला चलाख भाग असा, की थर्मोस्टॅट काढल्यामुळे गाडी तापणे खरोखरच थांबले; गिऱ्हाईक खूश झाले आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच गॅरेजकडे विश्वासाने परत आले. दुसऱ्या फेरीत पैसे घेतले ते त्यांनीच निर्माण केलेल्या दोषाचे.

कॉइल, सेन्सर आणि पंप यांपैकी एकाही निदानाला आधार नव्हता, हे तपासायला जास्तीत जास्त पंधरा मिनिटे लागली असती. हीटरला जाणारा आणि हीटरकडून येणारा असे दोन पाइप असतात. इंजिन पूर्ण तापलेले असताना दोन्ही कडक गरम लागत असतील, तर पाण्याच्या बाजूला दोष नाही; हवेची झडप, तिची केबल किंवा ब्लोअर पाहावा. एक गरम आणि दुसरा गार लागला, तर कॉइल तुंबली आहे किंवा हीटरचा कॉक बंद आहे. दोन्ही सारखेच कोमट असतील, तर हीटरला हात लावण्याआधी इंजिन का तापत नाही ते शोधले पाहिजे. आमच्या ड्रायव्हरला मी नंतर विचारले, तेव्हा दोन्ही पाइप कोमट असल्याचे त्याने तिथल्या मिस्त्रीला स्वतःच सांगितले होते, असे कळले. सेन्सरची गोष्टही अशीच आहे. टेंपरेचर गन हाउसिंगच्या धातूवर धरून येणारा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरच्या आकड्याशी ताडला, तर सेन्सर खरे बोलतो की खोटे ते लगेच समजते. केवळ डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नये, कारण अनेक नव्या गाड्यांत काटा तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात एकाच जागी स्थिर ठेवलेला असतो. पाणी कमी असले किंवा आत हवा अडकली तरी हीटर गार पडतो, पण तेव्हा केबिनमध्ये खळखळ ऐकू येते आणि टाकीतली पातळी खाली गेलेली दिसते. म्हणून पातळी सर्वांत आधी पाहावी, आणि तीही इंजिन गार असतानाच, कारण गरम टाकीचे झाकण उघडले की उकळते पाणी अंगावर येते.

थंडीत रेडिएटरपुढे पुठ्ठा लावण्याची ड्रायव्हरांची जुनी सवय आहे. तो लावल्यावर काटा चटकन वर चढला, तर थर्मोस्टॅट वाट अडवत नाही याचा तो बऱ्यापैकी चांगला पुरावा समजावा. इलाज म्हणून मात्र तो लावून ठेवू नये, कारण पुढे चढ लागला की तोच पुठ्ठा इंजिन तापवतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी कधी तापणार नाही’ हा सल्ला आपल्याकडेही सर्रास मिळतो. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो, त्यांत तो काढल्यावर काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते आणि पूर्ण भाराने चढताना गाडी उलट तापू शकते. बीएस-६ गाडीत नुकसान आणखी मोठे आहे. एक्झॉस्ट साधारण २०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय ॲडब्लूची (एक्झॉस्टमधले घातक वायू कमी करणाऱ्या द्रवाची) फवारणी नीट होत नाही, आणि डीपीएफ या एक्झॉस्टच्या गाळणीतली काजळी जाळण्याची क्रिया गार इंजिनावर सुरूच होत नाही. गार सिलिंडरमध्ये पूर्ण न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. आमच्या गाडीचा डीपीएफचा दिवा काश्मीरमध्येच लागला होता आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसली. ऑइल न घालता पातळी चढणे हे लक्षण कधीही चांगले नसते.

सर्वांत संताप आणणारी गोष्ट मात्र पाण्याची होती. उन्हाळ्याच्या बिलात कूलंटचे पैसे लावलेले होते. नाशिकला पाणी उतरवले तेव्हा ते तांबूस, पातळ आणि जवळजवळ साधेच निघाले. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गोठते. साधे पाणी शून्यालाच गोठते, आणि गोठताना फुगून रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक फोडते. काझीगुंडला ड्रायव्हरने ऊब मिळावी म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवले होते, म्हणून ब्लॉक वाचला. हीटर चालत नाही म्हणून त्या रांगेतले काही जण केबिनमध्ये शेगडी पेटवून काचा बंद करतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. माझ्या दृष्टीने हीटरच्या नावाखाली केलेली लबाडी पैशांपुरती उरत नाही ती यामुळे.

इंजिनावर ठरवून दिलेल्या तापमानाचा नवा थर्मोस्टॅट दोन हजारांच्या आत मिळाला. बसवण्याआधी मेस्त्रींनी तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकवता लटकवला, शेजारी थर्मामीटर धरला, आणि तो कोणत्या अंशाला उघडतो ते मला दाखवले. नवे कूलंट भरून हवा काढल्यावर काटा जिथे असायला हवा तिथे आला आणि हीटर कडक चालू लागला.

तक्रारीच्या बाबतीत एक अडचण आधी सांगितलेली बरी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा वगळलेली आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतःच गाडी चालवणाऱ्याला स्वयंरोजगाराच्या सवलतीचा आधार घेण्याचा प्रयत्न करता येतो, पण पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या आमच्यासारख्याला समोरचा वकील ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असे म्हणू शकतो. ज्यांना ती सवलत लागू होईल त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि ग्राहक आयोगात जाण्याची दोन वर्षांची मुदत चुकवू नये. आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली असून त्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला आहे. रिकाम्या हाउसिंगचे व्हिडिओ, सील न फोडलेल्या खोक्याचा फोटो आणि उतरवलेल्या पाण्याची बाटली मेस्त्रींच्या लेखी जबाबासह जपून ठेवली आहे. गॅरेजने थर्मोस्टॅटचे आणि कूलंटचे पैसे परत देण्याची तयारी तोंडी दाखवली. कॉइल, सेन्सर आणि पंप ‘गाडीत बसलेच आहेत ना’ असे त्यांचे म्हणणे आहे. काढलेले जुने भाग परत मागितले, तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. तेव्हापासून आमच्या ड्रायव्हरांना सांगून ठेवले आहे, की बसवलेल्या भागाचा फोटो तो हाउसिंगमध्ये बसल्यावर आणि झाकण लागण्याआधी काढायचा, आणि जुना भाग टूलबॉक्समध्ये पडल्याशिवाय मला पैशांसाठी फोन करायचा नाही.