सिलिंडरवर आर-२२, आत भलतंच : एसीची कामं करणाऱ्यांनो, गॅस जोडण्याआधी हे वाचा

मी बडोद्यात एसी दुरुस्तीची कामं करतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागातली पुष्कळ मराठी घरं माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत आणि तिथे अजून आर-२२ वर, म्हणजे थंडावा देणाऱ्या एका जुन्या वायूवर, चालणारे विंडो एसी आहेत. गेल्या मे महिन्यात आर-२२ म्हणून मला जो सिलिंडर विकला गेला, त्यात पेटणारा वायू मिसळलेला होता. पैसे बुडाले त्याचं दुःख आहेच. पण या धंद्यात आपल्या हातात नळ्या जोडायची पेटती टॉर्च असते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

बनावट माल स्वस्तात मिळतो, अशी आपली पक्की समजूत असते. या सिलिंडरचा भाव बाजाराइतकाच होता. सील शाबूत होतं, रंग फिकट हिरवा होता, लेबल स्वच्छ छापलेलं होतं. व्यापारीही रोजच्या ओळखीचा. पैसे यूपीआयने दिले, बिलही मिळालं. भाव पाडून मागितला असता तर फसवणं समजू शकलो असतो. इथे पूर्ण दाम घेऊन भेसळ विकली.

हे आताच का वाढलंय, ते कळायला हवं. आर-२२ ओझोनच्या थराला बाधक आहे, म्हणून माँट्रियल कराराप्रमाणे आपल्यासारख्या देशांत या गटातल्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने उतरवत आणलाय. मूळ पातळीच्या तुलनेत २०१५ मध्ये १० टक्के, २०२० मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये साडेसदुसष्ट टक्के कपात. २०३० नंतर जुन्या मशिनांच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा उरेल. माल कमी झाला, पण घरातली जुनी मशिनं काही कमी झालेली नाहीत. ऐन उन्हाळ्यात मागणी चढते आणि मधल्यामध्ये कोणीतरी हात मारून घेतो.

काम दांडिया बाजारातल्या एका वाड्यातलं होतं. काका अंथरुणाला खिळलेले, खोली लहान, खिडकीत दीड टनाचा जुना विंडो, आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात समई. कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या, एका वळणाला गळती होती. ती ब्रेझ करून, म्हणजे टॉर्चने धातू वितळवून, बंद केली, नायट्रोजनने दाब धरून पाहिला, व्हॅक्यूम केला आणि मशिनच्या पाटीवर जेवढं वजन लिहिलंय तेवढा गॅस काट्यावर मोजून भरला. संध्याकाळी गारवा बरा पडला. काकू म्हणाल्या, "आज हे झोपतील बघ नीट."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांचाच फोन. कॉम्प्रेसर सुरू होतो आणि थोड्या वेळात बंद पडतो. जाऊन क्लॅम्प मीटर लावला तर करंट पाटीवरच्या आकड्याच्या वर. व्होल्टेज ठीक, फॅनचा कपॅसिटर ठीक, कंडेन्सर स्वच्छ. सक्शनची, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणारी, नळी पार कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत ओली. ही सगळी लक्षणं गॅस जास्त झाल्याची. पण वजन तर मी स्वतः मोजलं होतं.

इथेच मला पहिली शंका आली. प्रोपेन, ब्यूटेन यांसारखे हायड्रोकार्बन वायू आर-२२ पेक्षा फार हलके असतात. द्रवरूपात त्यांची घनता आर-२२ च्या निम्म्याहून कमी. म्हणून आर-२२ च्या वजनाइतकंच भेसळ मिश्रण भरलं, तर मशिनमध्ये जागा व्यापणारा द्रव कितीतरी जास्त होतो. वजन बरोबर आणि तरीही ओव्हरचार्जची लक्षणं, असं दिसलं की मशिन बाजूला ठेवून आधी सिलिंडरकडे बघावं.

तोवर माझ्या हाताखालचा मुलगा नळी उघडायला टॉर्च पेटवायच्या तयारीत होता. त्याला थांबवलं. काकूंना समई विझवायला सांगितली, मशिनचा प्लग काढला, खिडकीची दारं उघडली.

सिलिंडर दुकानावर आणून रात्रभर सावलीत ठेवला. सकाळी थर्मामीटर ३० अंश दाखवत होता. आत द्रव शिल्लक आहे आणि सिलिंडरचं तापमान आजूबाजूच्या हवेइतकं झालंय, अशा वेळी शुद्ध वायूचा दाब ठरलेला असतो. ३० अंशांना आर-२२ साधारण १५८ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो. एसीतलेच दुसरे वायू म्हणजे आर-१३४ए ९७ च्या आसपास, आर-३२ साधारण २६५, प्रोपेन म्हणजे आर-२९० साधारण १४२. माझा गेज, म्हणजे दाबमापक, १२० च्या जवळपास थांबला. गेज चुकत असेल म्हणून दुसरा लावला, तोच आकडा. यातल्या एकाही शुद्ध वायूशी तो जुळत नाही.

आर-२९० च्या मशिनांची कामं करणारा एक मित्र आहे. त्याच्याकडे ज्वलनशील वायू ओळखणारा डिटेक्टर असतो. शुद्ध आर-२२ वर तो गप्प राहायला हवा. व्हॉल्व्ह क्षणभर उघडला आणि डिटेक्टर ओरडायला लागला. मग सिलिंडर काट्यावर ठेवला. रिकाम्या सिलिंडरचं वजन आणि मी वापरलेला गॅस हिशेबात धरला, तर लेबलवर लिहिलेल्यापेक्षा मूळचा माल बराच कमी निघाला. हलका वायू भरलेला असला की वजन कमी भरणारच. आत नेमकं काय किती होतं ते प्रयोगशाळेतच कळेल. पण ते आर-२२ नव्हतं आणि पेटत होतं, एवढं मला पुरेसं होतं.

आर-२९० हा मुळात वाईट वायू नाही. त्याच्यासाठी बनवलेल्या मशिनांत गॅसचं प्रमाण बेताचं ठेवतात आणि ठिणगी उडेल असे भाग बंदिस्त करतात. जुन्या विंडोमधला थर्मोस्टॅट आणि रिले मात्र उघडे असतात, चालू-बंद होताना ठिणगी पडतेच. प्रोपेन हवेत दोन टक्क्यांच्या थोडं वर गेलं की पेटू शकतं. शिवाय तो हवेपेक्षा जड, म्हणजे गळला की जमिनीलगत साचतो, आणि त्या खोलीत पलंगावर उठता न येणारा माणूस होता. ज्याने ते लेबल लावलं त्याला या घराचा पत्ताही माहीत नसेल.

याहूनही भयंकर भेसळ असते. २०११ मध्ये जहाजांनी माल नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट झाले, त्यात व्हिएतनाम आणि ब्राझीलमधले कामगार दगावले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या मालात आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, मिसळलेलं होतं. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून असं रसायन बनवतं, की हवा लागताच ते आपोआप पेटतं. तिथे टॉर्चचीही गरज पडत नाही. गाडीच्या एसीची कामं करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिथे कॉइल ॲल्युमिनियमचीच असते.

सिलिंडर घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो. आधी म्हणाला, "भाई, माल ओरिजिनल छे, तुमचा गेज बघून घ्या." आकडे दाखवल्यावर त्याने माझंच बिल पुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, "रेफ्रिजरंट गॅस, १ नग". "यात आर-२२ कुठे लिहिलंय?" एवढं बोलून त्याने हात वर केले. बिल खरं होतं, शिक्काही होता, आणि तरी ते त्याच्याच कामाचं निघालं. वायूचं नाव, वजन आणि बॅच नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दोनशे रुपयांवरच्या मालाचं बिल देणं जीएसटीत नोंदलेल्या व्यापाऱ्याला बंधनकारक आहे, त्यात तपशील लिहायला त्याचं काही जात नाही. टाळाटाळ झाली तर दुकान बदला.

काकांचं मशिन वाड्याच्या मोकळ्या चौकात आणलं. मित्राकडचं ज्वलनशील वायूसाठीचं रिकव्हरी मशीन लावून मिश्रण वेगळ्या सिलिंडरमध्ये काढलं, नायट्रोजन फिरवला, ओल शोषणारा ड्रायर बदलला, पुन्हा पूर्ण व्हॅक्यूम केला आणि तपासलेला आर-२२ भरला. कॉम्प्रेसर वाचला. काकूंकडून त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. असं मिश्रण आपल्या नेहमीच्या रिकव्हरी मशीनमध्ये खेचू नका, त्याच्या मोटारीची ठिणगी पुरेशी आहे. आणि नायट्रोजन संपला म्हणून कुणी ऑक्सिजनने दाब तपासत असेल तर त्याचा हात धरा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, मग गॅस खरा असो की खोटा.

आता नवा सिलिंडर आला की मी तो आधी काट्यावर ठेवतो, मग सावलीत रात्र काढू देतो, आणि सकाळी तापमान व दाब त्या वायूच्या तापमान-दाबाच्या तक्त्याशी ताडून पाहतो. दाब तक्त्याहून वर दिसला तर आत हवा शिरलेली असू शकते. खाली दिसला तर भेसळ, किंवा आत द्रवच उरलेला नाही. आर-२२ आणि प्रोपेन यांच्यात मात्र १५-१६ पीएसआयचाच फरक आहे, झिजलेल्या गेजवर तो निसटतो. म्हणून गेजचा शून्य आधी जुळवावा, आणि परवडत असेल तर ज्वलनशील वायूचा डिटेक्टर घ्यावाच. चार मेकॅनिकांनी मिळून एक घेतला तरी चालेल. रंगावर अजिबात जाऊ नका. अमेरिकेत वायूनुसार वेगवेगळे रंग देण्याची पद्धत होती, तीसुद्धा २०२० पासून सोडून सगळ्यांना एकच रंग केलाय.

तक्रारीबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. "तू धंद्यासाठी घेतलंस, तू ग्राहक नाहीस," असं सांगून आपल्याला परतवून लावतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये धंद्यासाठी घेतलेला माल वगळलेला आहे हे खरं, पण केवळ पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याने त्या कामासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. एकट्याने काम करणारा मेकॅनिक यात बसू शकतो. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. यूपीआयची नोंद, बिल, लेबलचे फोटो आणि तापमानासकट गेजचे फोटो जपून ठेवा. सिलिंडर रिकामा करू नका, तोच पुरावा आहे.

घरी जुना एसी असणाऱ्यांनाही सांगतो. गॅस भरला की कोणता भरला, किती ग्रॅम आणि कोणत्या तारखेला, हे मेकॅनिककडून मशिनच्या बाजूला मार्करने लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसरा मेकॅनिक आला तर नळीला टॉर्च लावण्याआधी त्याला ते दाखवा, आणि आधीच्या माणसाबद्दल काही शंका असेल तर तीही तेव्हाच बोलून टाका.