बेदाण्याच्या स्टोरेजचं ॲप: आधी जाहिरात की आधी वही?

तासगाव-सांगली पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजसाठी बेदाण्याचा हिशेब ठेवणारं ॲप काढायचंय, पण ते बनवण्याआधी कोणी पैसे देईल का, हे बघायचंय. वाटा दोन. एकपानी वेबसाईट करून फेसबुकवर जाहिरात चालवायची, नाहीतर ॲपचं काम महिनाभर हातानेच करून द्यायचं. दोन्ही करून झाल्यावर माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. तुमचा वेगळा असू शकतो.

जाहिरात सोपी. शनिवारी पान तयार, सोमवारपासून नंबर यायला लागतात. वैताग तिथून सुरू होतो. फेसबुकच्या फॉर्ममध्ये नाव आणि मोबाईल आपोआप भरून येतो. माणूस दोनदा बोट टेकवतो आणि विसरून जातो. फोन केला की पलीकडून, "कसलं ॲप? आज सौद्यात काय दर निघाला तेवढं सांगा की!" 'किती बॉक्स मावतात?' असा हाताने लिहायचा प्रश्न टाकला तर ही गर्दी ओसरते. तरी फॉर्म भरतो शेतकरी आणि पैसे देणार स्टोरेजवाला, ही गोम राहतेच. जाहिरात कोणाला दाखवायची हे फेसबुकला नीट उमगायला आठवड्याला साधारण ५० प्रतिसाद लागतात. तालुक्यात तेवढे स्टोरेजमालक आणायचे कुठून? गिऱ्हाईक राज्यभर पसरलेलं असेल किंवा दोन किमती ताडून बघायच्या असतील, तर मात्र जाहिरातच बरी.

हाताने करायचं तर एकच स्टोरेज धरा. नात्यातलं नको, तिथे भिडेपोटी होकार मिळतो. "चांगलंय, करा" हा शब्द मोजू नका, हजार रुपये आगाऊ घ्या. मालक हो म्हणाला तरी वही दिवाणजीच्या हातात असते, म्हणून त्याला जास्तीचं काम लावू नका: रोज संध्याकाळी आवक-जावकच्या पानाचा एक फोटो, बस्स. रात्री गूगल शीटमध्ये लॉट नंबर, गाव, आलेले बॉक्स, गेलेले, शिल्लक. मग शेतकऱ्याला व्हॉट्सॲप: "लॉट ११७, आज गेले ४०, शिल्लक ८४." ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना, इथे चालत नाही. प्रत्येकाचा आकडा वेगळा, शिवाय ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही.

आठवड्याभरात खरी गुंतागुंत दिसते. एकाच गावात एकाच नावाचे तिघे निघतात, म्हणजे नावावर शोध चालणार नाही. अर्धा लॉट विकला गेला आणि उरलेला दुसऱ्या अडत्याकडे वळवला, तर वहीत त्याची खूण म्हणून समासात एक बारीकसा बाण असतो. तो बाण म्हणजे निम्मं सॉफ्टवेअर, आणि फॉर्म भरणारा कोणीही तो तुम्हाला सांगणार नाही.

तोटे आहेत. एका स्टोरेजची सवय म्हणजे सगळ्यांची रीत असं वाटू लागतं, आणि मुदत घातली नाही तर तुम्हीच फुकटचे दुसरे दिवाणजी होऊन बसता. ३० दिवस ठरवा, आणि विसाव्या दिवशीच पुढच्या महिन्याचे पैसे मागा. तिथे टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

हे सगळं फेब्रुवारीत बोलून ठेवा. मार्च-एप्रिलात आवक भरात आली की दिवाणजी मान वर करत नाही. शीट पहिल्या गाडीपासून सुरू झाली पाहिजे. नाहीतर जुना साठा नोंदवायला स्वेटर घालून आत बॉक्स मोजत बसावं लागतं, आणि ती मोजणी वहीशी जुळत नाही ती नाहीच.