दुकानाची गूगलवरील नोंद : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचे, दुकान आहे. आबांनी ते सुरू केले आणि गेली अठरा वर्षे मी ते चालवतो. करवीर, कागल, पन्हाळा, शिरोळ या तालुक्यांतील शेतकरी जळालेल्या मोटरी घेऊन आमच्याकडे येतात. डेअरीत दूध घालताना किंवा पाण्याच्या पाळीवर थांबलेले असताना कोणीतरी आमचे नाव सांगितलेले असे आणि तेवढ्यावर माणूस टेम्पोत मोटर टाकून निघत असे. चौदा महिन्यांपूर्वी मी गूगलवर दुकानाची मोफत नोंद केली, जिला ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. आता रोजचे निम्म्याहून अधिक नवे फोन त्या नोंदीवरून येतात.

शोधणाऱ्याच्या फोनवर नकाशाखाली सहसा तीनच दुकाने आधी दिसतात, आणि त्या तिघांत येणे हाच सगळा प्रश्न आहे. गूगलने स्वतः सांगितल्याप्रमाणे हा क्रम तीन गोष्टींवर ठरतो : विचारलेल्या कामाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये कंपनी काढली, तेव्हा एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या दर्जाची पाने बोट दाखवतात, यावरून त्या पानाचे वजन ठरवणे ही त्यांची मूळ कल्पना होती. गावातही एखाद्या कारागिराचे नाव किती जण घेतात आणि घेणारा कोण आहे, हेच पाहिले जाते. फरक इतकाच की गावात नाव घेणाऱ्याने मोटर चाललेली पाहिलेली असते, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

पहिले तीन महिने नोंदीचा काहीच उपयोग झाला नाही, कारण सेवांची सगळी यादी मी इंग्रजीत भरली होती. कोणत्या शब्दांनी शोधून लोक आपल्या नोंदीपर्यंत पोहोचले, याचा अहवाल दरमहा पाहता येतो. तो नीट वाचल्यावर चूक उमगली. आमच्याकडे कोणी ‘रिवाइंडिंग’ म्हणत नाही. ‘मोटर भरायची आहे’ असे म्हणतात. सबमर्सिबलला ‘पाण्यातली मोटर’ म्हणतात. बरेच जण तर टाइप न करता फोनला तोंडी विचारतात. मी यादीत मराठी शब्द घातले, कामाचे वर्णन मराठीत लिहिले आणि पुढच्या दोन महिन्यांत अहवालातील शब्द बदललेले दिसले. नोंद करणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकर व्यावसायिकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की गिऱ्हाईक दुकानात उभे राहून जे बोलते, तेच शब्द तिथे लिहावेत.

गिऱ्हाइकाची रीतही बदलली. ओळखीने येणारा माणूस मोटर उतरवून चहा घेत असे आणि दराचे बोलणे मोटर उघडल्यावर होई. फोनवरून येणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘पाच एचपीचे किती घेणार?’ हा असतो. मोटर उघडल्याशिवाय याचे खरे उत्तर देता येत नाही. स्टेटरचे (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाचे) किती स्लॉट, म्हणजे तार बसवायच्या खाचा, जळाले, तार कोणत्या गेजची (जाडीची) लागेल, बेअरिंग गेले आहे का, त्या दिवशी तांब्याचा भाव काय, या सगळ्यांवर दर ठरतो. फोनवर कमी आकडा सांगणारा दुकानदार पुढे ॲल्युमिनियमची तार भरतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती मोटर पुन्हा जळते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही शोधाच्या यादीत तो आणि मी शेजारी शेजारी असतो. म्हणून मी प्रत्येक कामाचे दोन फोटो टाकू लागलो : पहिल्यात काळी पडलेली, वार्निश (तारेवरचा संरक्षक लेप) जळून तुकडे निघालेली कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, आणि दुसऱ्यात नव्या तांब्याने भरलेला, दोऱ्याने घट्ट बांधलेला तोच स्टेटर. असे फोटो पाहून आलेले गिऱ्हाईक दरावर घासाघीस कमी करते.

पावसाळ्यातील अनुभव वेगळा लिहायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी चढू लागले की काठावरचे शेतकरी मोटरी वर काढतात. ज्यांना जमत नाही त्यांच्या बुडतात. गेल्या पावसाळ्यात पाणी ओसरल्यावर एका आठवड्यात इतक्या मोटरी आल्या की दारात ठेवायला जागा उरली नाही. त्या गर्दीत एका शेतकऱ्याला मी चार दिवसांचा वायदा केला आणि मोटर नवव्या दिवशी दिली. त्याने एक तारा दिला. माझ्या मेव्हण्याने तो अभिप्राय काढून टाकण्याची विनंती करायला सुचवले, पण अभिप्राय नियमाविरुद्ध असेल तरच काढला जातो आणि हा तर खरा होता. मी त्याखाली माफी मागून उशिराचे कारण लिहिले. तेव्हापासून गर्दीच्या दिवसांत वायदा काय राहील, ते मी नोंदीवर आधीच जाहीर करतो.

सर्वांत मोठा मनस्ताप मात्र मध्यस्थाने दिला. ‘पैसे भरले नाहीत तर तुमची नोंद बंद होईल’ असा फोन आला आणि मी घाबरून एका एजन्सीला रक्कम दिली. मुळात या नोंदीला शुल्कच नाही. त्या एजन्सीने दुकानाच्या नावापुढे ‘कोल्हापुरातील सर्वोत्तम’ असे शब्द जोडले. पाटीवर असते तेच नाव नोंदीत द्यावे लागते, त्यामुळे नोंद स्थगित झाली. वीजबिल आणि उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडून अर्ज केल्यावर ती परत मिळाली, पण ऐन हंगामातले सतरा दिवस गेले. हे काम आपले आपण करावे; घरातील कॉलेजला जाणारे मूलही ते करू शकते.

पैसे देऊन वर दिसण्याची सोयही आहे. त्या जाहिरातींवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, पण घाईतला माणूस ते वाचत नाही. क्रम ठरवण्याची ही ताकद किती मोठी आहे, हे आपल्याकडेही सरकारदरबारी तपासले गेले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला होता. मी स्वतः जाहिरात केलेली नाही आणि सध्या तरी करणार नाही.

मला खरी काळजी आमच्या गल्लीतील मिस्त्रींची वाटत होती. चाळीस वर्षे मोटरी भरणारा हा माणूस. आबाही अवघड मोटर त्यांनाच दाखवत. पूर्वी कोपऱ्यावरचा चहावाला लोकांना त्यांच्याकडे पाठवत असे. आता लोक हातातला नकाशा पाहत त्यांच्या दारावरून पुढे जातात, कारण नकाशात ते दुकानच नव्हते. मार्चमध्ये मी त्यांची नोंद करायला बसलो. पडताळणीसाठी रस्ता, पाटी, आतली हत्यारे आणि आपण स्वतः दुकान उघडत आहोत, हे व्हिडिओत दाखवावे लागले. पाटी कधी लावलेलीच नव्हती, म्हणून आधी रंगाऱ्याकडून ती करून घेतली. मग त्यांचा पुतण्या फोन धरून उभा राहिला आणि मिस्त्रींनी कंबरेची किल्ली काढून, कॅमेऱ्याकडे न बघता, रोजच्यासारखे कुलूप उघडले.

आतापर्यंत त्या नोंदीवर तीन अभिप्राय आले आहेत. मागच्या आठवड्यात आलेला मी त्यांना वाचून दाखवला. वडणग्याच्या एका शेतकऱ्याने पाच तारे देऊन मोटर उत्तम चालल्याचे लिहिले होते. मिस्त्रींनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, “त्या मोटरीचं वार्निश अजून एक दिवस वाळाय पाहिजे हुतं. घाईनं न्हेली त्यानं. त्याला फोन लाव, परत घिऊन ये म्हणावं.”