कॉमेट की फॅन्टेल? पहिल्या गोल्डफिशची निवड

पहिल्यांदाच गोल्डफिश पाळणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "साधा गोल्डफिश घ्या, तो कणखर असतो." सल्ला खोटा नाही. साधा गोल्डफिश, कॉमेट आणि शुबंकिन हे लांबट अंगाचे, एकेरी शेपटीचे मासे खरोखरच चिवट असतात. गार पाणी सोसतात, खाण्यावर तुटून पडतात, आजारी कमी पडतात. मात्र विकत घेताना बोटभर असलेला हा मासा नीट पोसला तर 25 ते 30 सेंटिमीटर होतो आणि दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळतो. मासा सोपा, त्याची टाकी अवघड.

फॅन्टेल, र्‍युकिन, ओरांडा, ब्लॅक मूर या फॅन्सी जातींचं नेमकं उलटं आहे. अंग गोलमटोल, शेपटी दुहेरी, चाल संथ, वाढ साधारण 15 ते 20 सेंटिमीटर. टाकी आवाक्यातली, पण मासा थोडा नाजूक. घरातली पहिलीच टाकी असेल तर माझं मत फॅन्टेलच्या बाजूने. नाजूकपणा काळजीने सांभाळता येतो, जागेची उणीव कशानेच भरून निघत नाही.

आधी पाण्याचा हिशेब

दोन फॅन्टेलसाठी 90 × 45 × 45 सेंटिमीटरची टाकी घ्यावी. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 180 लिटर पाणी मावतं. दोन कॉमेटसाठी 120 सेंटिमीटर लांबीपासून, म्हणजे 240 लिटरच्या आसपास सुरुवात, आणि खरं सांगायचं तर त्यांची जागा अंगणातल्या हौदात. 'नवशिक्यांसाठी' म्हणून मिळणारी 60 × 30 × 30 ची टाकी जेमतेम 54 लिटरची. ती दोघांपैकी कोणालाच फार दिवस पुरत नाही. काचेच्या गोल भांड्याचा तर विचारही नको. वर निमुळतं होत गेल्याने हवेला भिडणारं पाणी कमी आणि फिल्टरला जागा नाही. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे काच आणि दगड धरून 180 लिटरची टाकी 200 किलोच्या पुढे जाते. साध्या टेबलावर ती ठेवू नये.

टाकी लहान असली की मासाही लहान राहतो, असं बरेच जण सांगतात. वाढ खुंटते हे खरं, पण ती खराब पाण्यामुळे खुंटते. तो आजार आहे, जुळवून घेणं नव्हे.

एवढं पाणी का लागतं? गोल्डफिशला खरं जठर नसतं. खाल्लेलं झपाट्याने पुढे सरकतं, त्यामुळे तो सतत खातो आणि सतत घाण करतो. कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो आणि त्याच कल्ल्यांना जाळतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं थोड्या प्रमाणात चालतं. पाणी जास्त असेल तर हे विष पातळ राहतं आणि आपली एखादी चूक पचून जाते.

मासा आधी आणायचा की नंतर?

हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. एक पद्धत अशी, की टाकी माशाविना चालू ठेवायची, रोज चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया तयार होऊ द्यायचा आणि चाचणी किटने पाणी तपासत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले, नायट्रेट दिसू लागलं, की मासे आणायचे. दुसऱ्या पद्धतीत मासे पहिल्या दिवसापासून टाकीत असतात. मग रोज चाचणी, जवळजवळ रोज थोडं पाणी बदलणं आणि खाणं अगदी कमी. चिवट कॉमेट यातून तरून जाईलही. फॅन्टेल घेणार असाल तर पहिलीच पद्धत. ओळखीच्या कोणाची निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला जुना स्पंज मागून आणा, बरेच दिवस वाचतात.

फिल्टर, तळ, झाडं

स्पंज फिल्टर एअर पंपावर चालतो, स्वस्त असतो, जिवाणूंना भरपूर जागा देतो, पण विष्ठा उचलण्यात कमी पडतो. टाकीच्या काठाला टांगायचा हँग-ऑन फिल्टर ती उचलतो. टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा कॅनिस्टर फिल्टर दोघांहून सरस, पण उघडून धुणं कटकटीचं आणि पहिल्या टाकीला त्याची गरज नाही. फॅन्टेलसाठी मी हँग-ऑन आणि स्पंज असे दोन्ही लावेन. एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो. झोत मात्र मंद हवा, कारण गोल अंगाचा मासा जोराच्या प्रवाहात हेलपाटतो. कॉमेटला त्याचं काही वाटत नाही. स्पंज नळाखाली कधीच धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात.

तळाला वाटाण्याएवढी खडी नको, ती तोंडात अडकते. बारीक वाळू किंवा चक्क मोकळी काच उत्तम. झाडं लावायची तर अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला बांधावी. बाकीची बहुतेक झाडं म्हणजे त्यांची कोशिंबीर.

रोजचं करणं

दर आठवड्याला पंचवीस ते तीसेक टक्के पाणी बदलायचं, हे दोघांनाही सारखंच. नवं पाणी टाकण्याआधी अँटी-क्लोरीन घालावं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात असतं) उडत नाही. कॉमेटला 10 ते 22 अंश सेल्सियस पाणी मानवतं, फॅन्सीला 18 ते 23. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. 20 अंशांना लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 ला साडेसातच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा.

खाण्याच्या बाबतीत फॅन्टेल लक्ष मागतो. आखूड अंगात आतडी आणि वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) दाटीने बसलेले असतात. जास्त खाल्लं की तोल जातो, मासा आडवा किंवा उलटा तरंगतो. बुडणाऱ्या गोळ्या आधी भिजवून, दोन मिनिटांत संपतील इतक्याच द्याव्यात. अधूनमधून साल काढलेला उकडलेला मटार. कॉमेट आणि फॅन्टेल एका टाकीत ठेवू नयेत. फॅन्टेल वळेपर्यंत कॉमेटने सगळं फस्त केलेलं असतं.

आयुष्याची तुलना केली तर कॉमेट पुढे. जत्रेत जिंकलेला टिश नावाचा एक ब्रिटिश गोल्डफिश 43 वर्षांचा होऊन 1999 मध्ये मेला. फॅन्सी मासा चांगला सांभाळला तर 10 ते 15 वर्षं जगतो. घेताना दोन घ्या, एकटा नको. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या असलेला बबल आय पहिल्या खेपेला टाळा. टोकदार दगडाला घासून पिशवी फुटते.

आणि घरात आधीच छोट्या टाकीत कॉमेट असेल तर मोठी टाकी घ्या किंवा हौद असलेल्या कोणाला तो देऊन टाका. नदी-तलावात सोडू नका. तिथे तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि मूळच्या माशांच्या जागेवर आणि खाण्यावर हक्क सांगतो.