घोड्यासाठी घाणेरी काढायचीय: जेसीबी बोलवू की माणसं लावू?

डोंगरउतारावर दोनचार एकर पडीक आहे, सगळी घाणेरीने (आमच्याकडे टणटणी) भरलीय आणि तिथं घोड्यांना चरायला कुरण करायचंय, तर पहिला प्रश्न हाच येतो. सरळ सांगतो, उतार असेल तर जेसीबीचं नाव काढू नका.

जेसीबीने दिवसभरात रान मोकळं दिसतं हे खरंय, पण वरची चांगली माती पण उकरली जाते, ती पहिल्या वळवात ओढ्याला. शिवाय बुलबुल-मैनांनी टाकलेलं बी मातीत पडलेलंच असतं, माती हलली की तेच आधी उगवतं. ओल्या फांद्या मातीत गाडल्या गेल्या तर त्याही मूळ धरतात. सपाट रान, माणूस आत शिरणार नाही इतकी जुनी जाळी, आणि गवताचं बी हातात तयार, असं असेल तरच बोलवा.

माणसं लावली तर वेळ जातो, मजुरी जाते, पण काम नीट होतं. फक्त कोयत्याने वरवर छाटून घेऊ नका, एका खोडाला दहा फुटवे येतात. खोड आणि मूळ जुळतं तो सांधा जमिनीखाली दोनतीन बोटांवर असतो, कुदळ तिरकी मारून त्याच्या खालून मूळ तोडायचं आणि खोडका उलटा करून वाळत टाकायचा. मृगाचे दोन पाऊस झाले की माती मऊ असते, तेव्हा हे पटापट होतं, आणि फळं काळी व्हायच्या आत उरका.

तणनाशकाचं पण लोक विचारतात. ग्लायफोसेट या नेहमीच्या तणनाशकावर केंद्राने २०२२ मध्ये बंधन घातलंय, पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं, त्यामुळे दुकानातून आणून फवारलं असं करता येत नाही. मला तर चराऊ रानात ते नकोच वाटतं.

शेळ्या सोडून साफ करू म्हणाल तर तेही नको, घाणेरीतलं लँटाडीन हे विष यकृतावर जातं, घोड्याच्या आणि शेळीच्याही. आणि सारंगखेड्याच्या बाजारातून नवा घोडा आणला असेल तर जास्त जपा, नव्या जागी भुकेलं जनावर काहीही तोंडात घालतं. तोडलेला पाला चरण्याच्या जागेवर ठेवूच नका.

आता गवत. अंजन सगळे सुचवतात, गाईला उत्तम, पण त्यात ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि घोडा महिनोन् महिने नुसत्या अंजनावर राहिला तर हाडं कमकुवत होतात, तोंडाची हाडं सुजून चेहरा जाड दिसायला लागतो. म्हणून मारवेल गवत जास्त घ्या, अंजन थोडं. कुसळी गवत माजू देऊ नका, कुसळं हिरड्यांत घुसतात.

पहिल्या वर्षी घोडे आत सोडू नका, गवत कापून घाला. पुढचे दोनतीन पावसाळे रोपं उपटायला माणूस लागणारच, कुठलीही पद्धत घेतली तरी, तेव्हा सगळं बजेट पहिल्याच साफसफाईत घालवू नका.